दुकानात नाचणारी बाहुली खेळात का अडखळते?

गेममध्ये एखादा नाच किंवा पोशाख विकत घेण्याआधी एक छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात आपलं पात्र तो नाच करून दाखवतं. त्या खिडकीत दिसतं ते खरं असतं का? इंदूरच्या एका मुलीने अशी खिडकी स्वतःच बनवायला घेतली, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर घरातल्या सगळ्यांनाच कळलं.

सगळं सुरू झालं ते भाऊबीजेच्या पैशांवरून. माझी भाची इंदूरला राहते, नववीत शिकते. मामेभावांनी दिलेल्या ओवाळणीतून तिने मोबाइलवरच्या एका गेममध्ये एक नाच विकत घेतला. नाच विकत घ्यायचा म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न तिच्या आजीला पडला. तुम्हालाही पडला असेल. या खेळांमध्ये आपलं एक पात्र असतं. बटण दाबलं की ते हात हलवतं, टाळ्या वाजवतं, नाचतं. काही हालचाली फुकट मिळतात, काहींना पैसे पडतात. एकदा घेतलेला नाच कायम आपला.

दुकानाच्या खिडकीत बाहुली छान गिरकी घेत होती, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी देत होती, शेवटी उडी मारत होती. पैसे गेले, नाच मिळाला. खेळात जाऊन भाचीने बटण दाबलं, पात्र नाचायला लागलं आणि तिने एक पाऊल पुढे टाकताच नाच मध्येच तुटला. शिवाय तिचं पात्र बुटकं, मोठ्या डोक्याचं. त्यामुळे टाळीसाठी वर गेलेले हात डोक्यावर न जाता डोक्यातून आरपार जायचे.

‘‘मावशी, दुकानात वेगळंच दाखवलं गं!’’ फोनवर तिचा आवाज रडवेला झाला होता.

मोठी माणसं अशा वेळी जे बोलतात तेच मीही बोलले. तिचे बाबा ‘तरी मी सांगत होतो’ म्हणाले. तिने कुणाशीच वाद घातला नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला, ‘‘मी माझा गेम बनवतेय. त्यात दुकान आहे, पण माझ्या दुकानात असं होणार नाही.’’

सराफ्यातलं दुकान

ती रोब्लॉक्सवर गेम बनवत होती. रोब्लॉक्स 2006 पासून लोकांसाठी खुलं आहे आणि त्याची गंमत अशी की तिथले बहुतेक खेळ कंपनी बनवत नाही, खेळणारेच बनवतात. त्यासाठी लागणारं रोब्लॉक्स स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खेळणं मोबाइलवर होतं, बनवण्यासाठी मात्र कॉम्प्युटरच लागतो. त्यामुळे बाबांचा जुना लॅपटॉप रोज संध्याकाळी दोन तास तिच्या ताब्यात जाऊ लागला.

तिच्या गेममध्ये इंदूरचा रात्रीचा सराफा आहे. भुट्ट्याच्या किसाची, जिलेबीची गाडी लावायची, गिऱ्हाईक सांभाळायचं आणि जमलेल्या नाण्यांतून आपल्या पात्रासाठी नाच घ्यायचे. नाणी खेळातलीच, खऱ्या पैशांचा संबंध नाही. नाच दोन, गरबा आणि लेझीम. गरबा मैत्रिणीने बनवून देते म्हणून सांगितलं. लेझीम हिने स्वतः बनवायचं ठरवलं, कारण मराठी मंडळाच्या गणपतीत ती तीन वर्षं लेझीम खेळली आहे.

पात्राला हलवण्यासाठी दोन वेगळी कामं करावी लागतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. पहिलं काम म्हणजे हालचाल तयार करणं. रोब्लॉक्सचं नेहमीचं पात्र 15 तुकड्यांचं असतं. डोकं, धडाचे दोन भाग आणि प्रत्येक हाता-पायाचे तीन-तीन भाग. जुन्या पद्धतीच्या पात्राला सहाच तुकडे. हे तुकडे सांध्यांनी जोडलेले असतात, अगदी कळसूत्री बाहुलीसारखे. फक्त दोऱ्यांच्या जागी इथे आकडे असतात. कोणत्या क्षणी कोणता सांधा किती अंशांत वळलेला हवा, ते ठरवून द्यायचं. दोन क्षणांच्या मधली हालचाल कॉम्प्युटर स्वतः भरून काढतो.

लेझीम यासाठी फारच सोयीची निघाली. वाका, उजवीकडे, उभे राहा, डावीकडे असं तिचं आवर्तन असतं आणि ते जिथून सुरू झालं तिथेच येऊन संपतं. पुन्हा पुन्हा चालवायच्या हालचालीत शेवटची स्थिती पहिल्या स्थितीशी जुळली नाही, तर प्रत्येक फेरीला पात्राला झटका बसतो. गिरकी आणि उडीवर संपणाऱ्या नाचात तो झटका लपवणं अवघड. लेझमीत लपवायला काही नसतंच.

दुसरं काम स्क्रिप्टचं. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना. हालचाल कधी सुरू करायची, कधी थांबवायची, एक संपून दुसरी कशी सुरू होईल, बोट लावलं तर काय होईल, हे सगळं तिच्यात लिहायचं. रोब्लॉक्समध्ये ते लुआऊ या भाषेत लिहितात. ही भाषा लुआ नावाच्या भाषेपासून बनली. लुआचा जन्म 1993 मध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात झाला आणि पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या 2004 पासून चालू असलेल्या प्रसिद्ध गेममध्येही पात्राला कपडे घालून बघण्याची एक खोली आहे आणि त्या गेमच्या पडद्यावरच्या खिडक्यांच्या स्क्रिप्टही लुआतच लिहिल्या जातात. मुलांना ती लवकर जमते. एखादी ओळ चुकली की लाल अक्षरात तक्रार येते, ती वाचायची आणि दुरुस्त करायची.

काही वेळा मात्र तक्रारच येत नाही. तेव्हा खरी पंचाईत होते.

बाहुली सावधानमध्ये

खेळातलं जग त्रिमितीय असतं, पण दुकान, बटणं, नाण्यांचा आकडा हे सगळं काचेवर चिकटवलेल्या कागदासारखं सपाट असतं. त्या सपाट कागदात त्रिमितीय पात्र दाखवायचं, तर कागदाला भोक पाडून मागे एक छोटी पेटी बसवावी लागते. रोब्लॉक्समध्ये या पेटीला व्ह्यूपोर्ट फ्रेम म्हणतात. पेटीला स्वतःचा कॅमेरा लागतो, तो कुठे उभा राहून कुठे बघतो ते स्क्रिप्टमधून सांगावं लागतं. पेटीतला प्रकाशही वेगळा. थोडक्यात, खिडकीत दिसणारं पात्र खेळातलं नसतंच. ती त्याची नक्कल असते आणि एका वेगळ्याच जगात उभी असते. भाचीला झालेल्या मनस्तापाचं मूळ इथेच आहे. पण ते तिच्या लक्षात यायला अजून वेळ होता, कारण तिची बाहुली खिडकीत येतच नव्हती.

पहिली संध्याकाळ त्यातच गेली. खेळणाऱ्याचंच पात्र खिडकीत दिसावं म्हणून ती त्याची नक्कल काढायला जायची आणि हाती काहीच यायचं नाही. खेळात आलेल्या पात्राची नक्कल निघू नये अशी एक खूण त्याच्यावर मुळातच असते. ती खूण आधी बदलायची, मग नक्कल काढायची. एका ओळीचं काम, पण ते माहीत असायला हवं.

दुसऱ्या संध्याकाळी बाहुली आली. मात्र शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तशी, हात खाली, नजर समोर. स्क्रिप्टमध्ये लेझीम सुरू करायची सूचना होती. लाल अक्षरं नव्हती. कॉम्प्युटरच्या मते लेझीम चालू होती आणि डोळ्यांना मात्र सावधान दिसत होतं.

‘‘मावशी, हिला ऐकूच येत नाहीये,’’ ती म्हणाली. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी व्हिडिओ कॉलवर मी तिची स्क्रिप्ट ओळीओळीने तिच्याकडून वाचून घेतली. स्वतःची चूक मोठ्याने वाचताना सापडते, हा स्वयंपाकाच्या कृतीपासून आयकरच्या फॉर्मपर्यंत सगळीकडचा अनुभव आहे. या वेळी तो लागू पडला नाही, कारण वाचलेल्या ओळींत चूक नव्हतीच. एक गोष्ट लिहायचीच राहिली होती.

व्ह्यूपोर्ट फ्रेमची पेटी ही नुसती दाखवायची पेटी असते. तिच्यात वस्तू ठेवली तर ती दिसते, पण तिथे सांधे हलवणारं कुणी नसतं. त्यासाठी पेटीच्या आत आणखी एक गोष्ट ठेवावी लागते, वर्ल्डमॉडेल. नावाप्रमाणेच ते एक छोटं जग. बाहुली त्या जगात ठेवली की हालचाली चालतात. तिथेही वस्तू खाली पडत नाहीत, एकमेकींवर आपटत नाहीत. पण नाचायला तेवढं पुरे. क्रमही महत्त्वाचा. आधी बाहुली त्या जगात ठेवायची, मग तिच्यातल्या अ‍ॅनिमेटरला नाच भरायला सांगायचं. उलट केलं तर लाल अक्षरं हजर.

तिसऱ्या संध्याकाळी बाहुली वाकली, उजवीकडे वळली, उभी राहिली. इंदूरच्या घरात टाळ्या पडल्या. आजीने विचारलं, ‘‘पण हिच्या हातात लेझीम कुठंय?’’

लेझीम अजून बनवायची होती.

सरासरी नाच

इथून पुढचे चार-पाच दिवस मला सगळ्यात मजेचे वाटले, कारण आता चुका डोळ्यांना दिसायला लागल्या होत्या.

गरब्याचं बटण दाबलं की बाहुली पुन्हा सावधान. लेझीम चालते, गरबा चालत नाही. कारण अगदी साधं निघालं. गरबा मैत्रिणीने बनवला होता आणि तिच्या खात्यातून चढवला होता. एकाच्या खात्यातली हालचाल दुसऱ्याच्या गेममध्ये सहसा चालत नाही. कुणाची मेहनत कुणी परस्पर वापरू नये म्हणून हे कुलूप आहे. मैत्रिणीने मूळ फाइल पाठवली, भाचीने ती आपल्या खात्यातून चढवली आणि पडद्यावर मैत्रिणीचं टोपणनाव टाकलं.

मग दोन्ही नाच सुरू झाले, तेही एकदम. लेझीम चालू असताना गरब्याचं बटण दाबलं की बाहुली ना लेझीम खेळायची ना गरबा. अर्धवट वाकून काहीतरी ढवळल्यासारखं करायची. प्रत्येक हालचालीला एक दर्जा दिलेला असतो. उभं राहून श्वास घेण्याची हालचाल खालच्या दर्जाची, चालणं त्याच्या वर, नाचासारखी कृती त्याच्याही वर. वरच्या दर्जाची हालचाल खालचीला झाकते. पण दोन हालचाली एकाच दर्जाच्या असल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि मधलंच काहीतरी दिसतं. उपाय असा की दुसरा नाच सुरू करण्याआधी पहिला थांबवायचा. तोही एकदम तोडायचा नाही. अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात हळूहळू विरून जाऊ द्यायचा. दोन हालचालींमधला हा विराम बाहुलीला जिवंतपणा देतो. तो मुळीच नसला तर पात्र एका स्थितीतून दुसरीत टुणकन उडी मारतं आणि जास्त झाला तर झोपेत असल्यासारखं वाटतं.

त्याहून महत्त्वाची आहे ती नाच नसतानाची हालचाल. बाहुली नाचत नसेल तेव्हा तिने काय करावं? पूर्ण स्थिर पात्र पडद्यावर पुतळ्यासारखं दिसतं. म्हणून छाती किंचित वरखाली होते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. ही हालचाल सतत खाली चालू ठेवायची आणि नाच तिच्यावर घालायचा. नाच संपला की खालची आपोआप दिसायला लागते. चांगलं दुकान आणि घाईने उरकलेलं दुकान यांतला फरक मला या एका गोष्टीवरून ओळखता यायला लागला आहे.

लेझमीचा आवाज मात्र नाचाशी जुळेना. आधी तिने घड्याळ लावून दर अमुक सेकंदाला ‘छन्’ वाजवलं. नाचाचा वेग थोडा वाढवला की आवाज मागे पडायचा. मग तिला सापडलं की हालचालीतच ठिकठिकाणी खुणा ठेवता येतात. बाहुली त्या खुणेपाशी पोचली की स्क्रिप्टला निरोप जातो आणि आवाज वाजतो. वेग दुप्पट करा, निम्मा करा, छन् बरोबर ठेक्यावर पडतो. तिने खुणेचं नावच ‘ठेका’ ठेवलं.

नाच किती वेळाचा आहे ते खिडकीत लिहायचं होतं. तर तिथे शून्य सेकंद! हालचाल इंटरनेटवरून येऊन पोचेपर्यंत तिची लांबी शून्यच असते. थोडं थांबून विचारलं की खरा आकडा मिळतो. घाईने विचारलं तर आपल्यालाही कुणी खरं उत्तर देत नाही, अशी तिच्या बाबांची टिप्पणी.

सगळ्यात मोठा घोळ तिच्या धाकट्या भावाने शोधून काढला. त्याने नुसती बटणं बडवली. एक-दोनदा नाही, शेकडो वेळा. आणि एका क्षणी बाहुली थांबली ती थांबलीच. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर स्क्रिप्ट नाच नव्याने भरत होती आणि एका अ‍ॅनिमेटरमध्ये 256 च्या वर असे पट्टे भरता येत नाहीत. त्यानंतर नवीन काही चालत नाही. उपाय म्हणजे दुकान उघडताना दोन्ही नाच एकदाच भरून ठेवायचे आणि पुढे तेच चालवायचे, थांबवायचे. मोठ्या कंपन्या अशा तपासणीसाठी माणसं पगारावर ठेवतात, असं मी त्याला सांगितल्यापासून तो स्वतःला तपासनीस म्हणवतो.

मोबाइलवर बघताना आणखी दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. आधी तिने दुकानाच्या यादीत दहा पोशाखांसाठी दहा खिडक्या ठेवल्या होत्या आणि दहाही बाहुल्या हलत होत्या. आजीचा साधा फोन गरम झाला, चित्र अडखळायला लागलं. आता यादीत स्थिर चित्रं आहेत. ज्याच्यावर बोट ठेवाल तीच बाहुली हलते आणि दुकान बंद केलं की तीही थांबते. दुसरी गोष्ट बोटाने फिरवण्याची. बोट आडवं सरकवलं की कॅमेरा बाहुलीभोवती फिरतो आणि ती पाठमोरीही दिसते. कॅमेरा जवळ आणि त्याची नजर रुंद ठेवली होती तेव्हा बाहुलीचं नाक-तोंड फुगल्यासारखं दिसायचं. मागे सरकवून नजर अरुंद केल्यावर ती प्रमाणात आली. फोटो काढताना मोबाइल तोंडाला अगदी चिकटवला की चेहरा कसा दिसतो ते आठवा, म्हणजे कळेल.

खिडकीत खड्डे नसतात

एवढं सगळं झाल्यावर एका रविवारी तिने मला विचारलं, ‘‘मावशी, मी घेतलेला नाच खिडकीत का छान दिसत होता, कळलं का तुला?’’

मला कळलं नव्हतं. तिने समजावलं. खिडकीत चालणं नसतं, म्हणून नाच तुटत नाही. खिडकीत जमीन, भिंत, गर्दी काहीच नसतं. प्रकाश दुकानदाराने ठरवलेला. आणि त्या गेमच्या खिडकीत तिचं बुटकं पात्र नव्हतंच. दुकानाची स्वतःची उंच, सडपातळ बाहुली होती. हालचाल तीच होती, पण अंग दुसऱ्याचं होतं. कोणी खोटा नाच दाखवला नव्हता. फक्त जे जे अडचणीचं ते खिडकीबाहेर ठेवलं होतं.

नमुना दाखवून पटवणं यात मुळात गैर काही नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे करताना हेच केलं होतं. कुंडीतला वाटाणा रुजून त्याचं रोप वाढताना त्यांनी एकेक चौकट टिपली आणि दिवसांचा तो प्रवास मिनिटभरात पडद्यावर दाखवला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती फीत ओळखली जाते. पैसे देणाऱ्याने जे बघितलं ते खरोखर घडलेलं होतं.

गिऱ्हाइकाला एक दाखवून दुसरंच हातात ठेवणं हा प्रकार आपल्याकडे आता नियमांच्या कक्षेत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाची दिशाभूल होईल अशी अ‍ॅपची किंवा वेबसाइटची मांडणी. त्यात असे 13 प्रकार दिले आहेत. खोटी घाई निर्माण करणं हा त्यातला एक, आमिष एका गोष्टीचं दाखवून देताना दुसरंच देणं हा आणखी एक. भाचीच्या नाचाला हे लागू होईल की नाही हे वकीलच सांगू शकतील. पण ‘ऑफर संपायला 2 मिनिटं’ असं घड्याळ दुकानात रोजच दिसत असेल, तर ते कशासाठी आहे हे नववीतल्या मुलीला कळायला वकील लागत नाही.

घरात गेमवर पैसे खर्च होत असतील, तर मुलांवर ओरडण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी बसून ती खिडकी बघा. बाहुली आपल्याच पात्राची आहे की दुकानाची? बोटाने फिरवून पाठीमागून बघता येते का? चालताना, पळताना काय होतं ते कुठे लिहिलंय का? मुलांना याची उत्तरं माहीत असतात किंवा ती पटकन शोधतात. खर्चाचं म्हणाल तर रोब्लॉक्समध्ये पालकांना आपलं खातं लहान मुलाच्या खात्याशी जोडून महिन्याच्या खर्चाला मर्यादा घालता येते. पण मर्यादा घालण्याआधी तिच्याविषयी मुलांशी बोला. नाहीतर पुढच्या भाऊबीजेला काय घेतलं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही.

चालून बघ

तिच्या दुकानात आता एक जास्तीचं बटण आहे, ‘चालून बघ’. लेझीम चालू असताना ते दाबलं की नाच विरतो आणि बाहुली जागच्या जागी चालायला लागते, अगदी खेळात होतं तसं. खाली एक ओळ येते, ‘चालायला लागलात की नाच थांबतो’. खिडकीत पात्र आपलंच असतं, त्या क्षणी जे कपडे घातले असतील त्यांच्यासकट. दुकान प्रत्येक वेळी उघडताना नवी नक्कल काढली जाते. म्हणून सराफ्यात टोपी बदलून आलात तर खिडकीतही तीच टोपी दिसते.

चार मैत्रिणींनी खेळून बघितलं. दोघींनी लेझीम घेतली. दोघींनी ‘चालून बघ’ दाबलं, ओळ वाचली, नाणी खिशात ठेवली आणि परत जिलेबीच्या गाडीवर गेल्या. गरबा बनवणारी मैत्रीण म्हणाली, ‘‘ते बटण काढ ना, मग चौघींनी घेतला असता.’’

‘‘नाही काढणार,’’ भाची म्हणाली. मग थोडा वेळ विचार करून तिने दुसराच मार्ग काढला. चालता चालता खेळता येईल अशी लेझीम! मिरवणुकीत तशीच तर खेळतात. त्यासाठी पायांची हालचाल चालण्याची आणि कमरेच्या वरची लेझमीची असायला हवी. म्हणजे नाचातून पायांचे सांधे मोकळे सोडायचे, त्यांना काहीच सांगायचं नाही. मग खालच्या दर्जाचं चालणं पायांत आपोआप दिसेल. कागदावर हे जमलं आहे. पडद्यावर मात्र बाहुली वाकते तेव्हा तिची कंबर एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातात. कमरेचा सांधा नाचाचा की चालण्याचा, हे अजून ठरलेलं नाही.

काल रात्री साडेनऊला तिचा मेसेज आला. गणपतीतल्या मिरवणुकीचा माझ्या मोबाइलवरचा जुना व्हिडिओ तिला हवा होता, तोही कमरेच्या खालचं नीट दिसेल असा.